तलाव एकट्याचा की सगळ्यांचा? झाडीपट्टीतल्या मासोळीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं होतं ते काढून टाकलंय.

मागे आमच्या ग्रुपवर मालवणची ट्रिप ठरत होती. बोट भाड्याने घ्यायची, समुद्रात जायचं, गळ टाकायचा. मग नेहमीचं भांडण सुरू झालं. अख्खी बोट आपणच घ्यायची, की शेअरिंगच्या बोटीत जागा घ्यायची? अख्खी घेतली तर खर्च जास्त, पण मासा लागला तर तो आपला, वेळ आपली. शेअरिंगमध्ये स्वस्त पडतं, पण लागलेला मासा कोणाचा, यावरून अनोळखी माणसाशी हुज्जत. दोनशे मेसेज झाले, ट्रिप झाली नाही.

हे मी सिंदेवाहीकडच्या माझ्या मामांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अरे बाप्पा, आमच्या इथं हाच वाद आजा-पणजापासून चालू हाये. बोटीवरून नाही, अख्ख्या तलावावरून."

तर आजची गोष्ट त्या वादाची. चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटलं की आपल्याला वाघ, ताडोबा आणि कोळशाच्या खाणी आठवतात. पण नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, कुरखेडा हा सगळा पट्टा तलावांचा आहे. भंडारा-गोंदिया धरून पूर्व विदर्भात असे जुने तलाव जवळपास सात हजारांच्या घरात जातात. सरकारी कागदात त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव'. नावातच इतिहास आहे, आणि तो 'माजी' शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सुरुवात गोंड राजांपासून करू. चांद्याच्या राजाने, हीरशहाने, अशी घोषणा केली होती असं सांगतात की जो जंगल तोडून जमीन काढेल त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूरच्या मित्रांनो, तुमच्या ऑटोवाल्याला 'तुकूम' सांगता ना, तो शब्द इथला. १८६९ मध्ये मेजर ल्युसी स्मिथने चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा अहवाल लिहिला, त्यात या परंपरेची नोंद आहे.

डोकं बघा त्या योजनेचं. राजाच्या तिजोरीतून पैसा नाही, कंत्राट नाही. तलाव जितका चांगला बांधशील तितकी जमीन तुझी. मग बांधणारे पुढे आले. त्यात कोहळी समाजाचं नाव सगळ्यात मोठं. ते काशीकडून आले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, उतार ओळखून पाळ कुठे घालायची हे त्यांना कळायचं, एवढं आजही उभ्या असलेल्या पाळी बघून मान्य करावं लागतं.

पण तलावात पाणी आलं की मासोळी येते, आणि मासोळीबरोबर आले ढिवर. भोई, केवट, कहार अशी भावंडंही आहेत, पण आपल्याकडे ढिवर जास्त. जाळं विणायचं, डोंगा चालवायचा, शिंगाडा लावायचा, आणि बायांनी पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायचं. आरमोरीकडे हेच लोक जंगलात कोसाही करतात, पण तो वेगळा एपिसोड.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यानंतरच्या बंदोबस्तात गावच्या पाटलांना आणि वसुली करणाऱ्यांना मालकी हक्क मिळाले. हे मालगुजार. तलावही त्यांचा झाला. म्हणजे आपल्या भाषेत, अख्खी बोट एकाच्या नावावर बुक झाली. पण प्रत्यक्षात काय होतं? पाणी शेतकरी वापरत. ढिवर मासोळी धरत आणि मालगुजाराला वाटा देत. उन्हाळ्यात पाणी आटलं की बाकी गावही चिखलात उतरे. मालकी एकाची, वापर सगळ्यांचा. या रिवाजांची नोंद एका दस्तऐवजात व्हायची, त्याचं नाव 'वाजिब-उल-अर्ज'. नाव भारदस्त, काम साधं: गावात कोणाला कशाचा हक्क आहे ते लिहून ठेवणं.

मालगुजारी काही सोन्याचा काळ नव्हता, हे आधीच सांगतो. वेठबिगार होती, मालगुजाराची मर्जी होती. पण पाळ फुटली तर दुरुस्त कोणी करायची हे सगळ्यांना माहीत होतं, कारण नुकसान सगळ्यांचं होतं.

मग १९५० चा कायदा आला. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मालकी हक्क रद्द करणारा हा कायदा ३१ मार्च १९५१ पासून इथे लागू झाला आणि तलाव सरकारजमा होऊ लागले. पण सगळे नाही. कायद्याच्या पाचव्या कलमात अपवाद होते. तलाव मालकाच्या स्वतःच्या कब्जातल्या जमिनीवर असेल तर तो मालकाकडेच राहील. गावठाणाबाहेरच्या इतर जमिनीवर असेल, आणि त्याच्या पाण्यावर दुसऱ्या कोणाचा सिंचनाचा हक्क नसेल, तरीही मालकाकडेच. म्हणजे अशा तलावात कोणाचा वाटा होता का, या एका प्रश्नावर तो खाजगी की सरकारी हे ठरलं.

मला हे कलम वाचून थोडं थांबायला झालं. कायद्याने सिंचनाचा वाटा विचारला. मासोळीचा वाटा विचारला नाही. ज्याच्याकडे धान होतं त्याचा हक्क मोजला गेला, ज्याच्याकडे जाळं होतं त्याचा या हिशेबात धरलाच नाही.

पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे गेले. हळूहळू अशी गत झाली की पाणी एका खात्याचं, मासोळी दुसऱ्याची, आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळपेराची जमीन तिसऱ्याची. पाणीपट्टीवरून शेतकऱ्यांशी वाद सुरू झाले, कारण त्यांचं म्हणणं की आमचं पाणी तर पिढ्यानपिढ्या फुकट होतं. या सगळ्यात पाळ कोणी बघायची? बेशरमची झुडपं वाढली, गाळ साचला.

मासोळीसाठी मात्र एक चांगली गोष्ट घडली. ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या, आणि तलावाचा ठेका देताना त्यांना प्राधान्य मिळू लागलं. साधारण पाच वर्षांचा ठेका. शेअरिंगची बोट, रजिस्ट्रेशनसकट! ऐकायला छान वाटतं. मग बिघडलं कुठे?

इथे एक तारीख लक्षात ठेवा: १० जुलै १९५७. त्या दिवशी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यामुळेच १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. रोहू, कतला, मृगळ हे नदीचे मासे. साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. आता त्यांचं बीज हवं तेवढं तयार करता येऊ लागलं. तलावात बोटुकली सोडायची, काही महिन्यांनी किलोचा मासा काढायचा. उत्पन्न वाढलं, यात शंका नाही.

पण तलावाचं गणित बदललं. मरळ, वाघूर, शिंगी हे मासे तलावातच जन्मतात, तिथेच वाढतात. त्यांच्यासाठी कोणी पैसा घातलेला नसतो, म्हणून कोणी थोडेसे धरून नेले तरी फारसं भांडण होत नाही. रोहू-कतल्याचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. ज्याने बीज टाकलं तो म्हणणारच, मासा माझा. मग राखणदार बसवा, बाकीच्यांना गळ टाकायला बंदी करा. शिवाय मोठ्या माशाला जागा हवी म्हणून मरळीसारखे शिकारी मासे काढून टाका. सगळ्यांचा तलाव खाजगी व्हायला कायदा बदलावा लागला नाही, मासा बदलला तेवढं पुरलं.

आणि बीजाला भांडवल लागतं. ते संस्थेकडे नसतं. मग बाहेरचा व्यापारी येतो. कागदावर ठेका संस्थेचा, आत पैसा त्याचा.

माझ्या मामांच्या गावी हेच झालं. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. पदाधिकाऱ्यांनी तलाव परस्पर एका ठेकेदाराला दिला. सभासदांना वर्षाला ठरावीक रक्कम. समजा पन्नास हजार आले आणि चाळीस घरं आहेत, तर घराला साडेबाराशे रुपये. एकदाच. आणि त्या बदल्यात वर्षभर कालवणाची मासोळी बाजारातून विकत. मामांच्या शेजारची ढिवर म्हातारी म्हणाली होती, "सोसायटी आपली हाये, मासोळ्या आपल्या नाहीत." तिच्या आज्याने ज्या तलावात डोंगा चालवला, तिथे ती रोजीने जाळं ओढायला जात होती.

तरी ठेकेदाराला नुसता खलनायक करणं मला पटत नाही. दुष्काळ पडला, तलाव लवकर आटला, तर बीजाचा पैसा त्याचा बुडतो, सभासदांचा नाही. कर्जबाजारी माणसाला हातात आलेले साडेबाराशे खरे वाटतात, तलावातला मासा नाही. आणि शेअरिंगचे दोषही आहेतच. संस्था म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन घरांची सत्ता. बाजारात मासोळी विकणाऱ्या बाया, पण सभासदांच्या यादीत नाव नवऱ्याचं.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव भागात, याला एक वेगळं उत्तर शोधलं गेलं. तिथले ढिवर पतिराम तुमसरे आणि अभ्यासक मनीष राजनकर यांनी तलावाचाच विचार आधी केला. बेशरम उपटली, तलावाची जमीन नांगरली, देवधानासारख्या देशी पाणवनस्पती परत लावल्या. त्या वनस्पतींत देशी मासा अंडी घालतो, लपतो, खातो. मासे परतले, पक्षीही परतले. नंतर शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर महिलांनी हे काम हातात घेतलं. म्हणजे ज्या माशाला भांडवल लागत नाही तो परत आणला. याने रोहू-कतल्याएवढे टन निघतील का, असं कोणी विचारेल. विचारावं. पण तो मासा आणायला व्यापाऱ्याच्या दारात जावं लागत नाही.

गडचिरोलीत गोष्ट आणखी पुढे जाते. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उपजांचं नाव स्पष्ट लिहिलंय. जे १९५० ला विचारलं नव्हतं ते ५६ वर्षांनी विचारलं गेलं! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि आज या जिल्ह्यात हजारावर गावांकडे असे दावेपत्र आहेत. त्यात १९९६ चा पेसा कायदा, जो अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं व्यवस्थापन पंचायतींच्या हाती देतो, आणि राज्याचे २०१४ चे नियम, जे ग्रामसभेला बळ देतात.

मग प्रश्न सुटला? नाही. उलट नवा वाद उभा राहतो. ग्रामसभा म्हणते तलाव गावाचा, गोंड, ढिवर, सगळ्यांचा. ढिवर म्हणतात, तुमच्याकडे शेती आहे, जंगल आहे, बांबू आहे. आमच्याकडे फक्त हे पाणी. सगळ्यांचं केलंत तर आमचं काय उरलं? दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद अवघड आहे. मला विचाराल तर मी ढिवरांकडे थोडा जास्त झुकतो, पण मी ना ढिवर ना त्या गावचा, सुट्टीत जाऊन मासोळी खाणारा भाचा.

मामांच्या गावचा ठेका यंदा संपतोय. म्हातारीच्या नातवाने तहसीलमधून वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागितली आहे. आजही विदर्भासाठी जमीन महसूल संहितेच्या १६५ व्या कलमात त्याची तरतूद आहे, मासेमारीच्या हक्काच्या उल्लेखासकट, पण तिथेही मेख आहे: सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यातलं पाणी त्यातून वगळलंय. पोरगा म्हणतो, बघू तर खरं, आमच्या पणजाबद्दल काय लिहून ठेवलंय. दोनदा फेरी झाली, सोमवारी परत बोलावलंय.