लेआउट कधीच पूर्ण होत नाही: घरातल्या छोट्या रेल्वेची मोठी गोष्ट

काही जणांना एपिसोड कानात हवा असतो, काहींना कंपनीच्या बसमध्ये बसून वाचायला. म्हणून नेहमीप्रमाणे हा लिहूनही देतोय. बोललोय तसंच बहुतेक ठेवलंय.

आजचा विषय मॉडेल रेल्वे. म्हणजे घरात, टेबलावर, प्लायवूडच्या पाट्यांवर रूळ टाकून बांधलेली चालती रेल्वे. हा नाद आहे असं सांगितलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, 'अरे, हे तर लहान मुलांचं खेळणं!' आणि दुसरी, 'हे बाबा श्रीमंतांचे शौक!' गंमत म्हणजे इतिहासात दोन्ही खरं आहे. पण तिसरी एक गोष्ट त्याहून जास्त खरी आहे: हा नाद बांधण्याचा कमी आणि पुन्हा बांधण्याचा जास्त आहे.

आधी श्रीमंती उरकून टाकू. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा जयविलास राजवाडा. तिथे जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची रेल्वे धावायची. महाराज माधवराव शिंदे, म्हणजे मराठी सरदार घराण्यातला हा रेल्वेवेडा राजा. या गाडीच्या डब्यांवर त्यांच्या घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं, डब्यांत मद्य आणि सिगार. पाहुण्याने समोरची सुरई उचलली की गाडी थांबणार, परत ठेवली की पुढे निघणार. आजच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर आणि ऑटो-स्टॉप. याच राजांच्या संस्थानात खरीखुरी २ फुटी नॅरो गेजही धावत होती. म्हणजे माणूस छोट्या आणि मोठ्या दोन्ही रेल्वेत रमलेला.

आता खेळणं. १८९१ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेत मेर्क्लिन कंपनीने इंग्रजी आठच्या आकाराचा रूळमार्ग मांडला आणि रुळांच्या रुंदीची ठरावीक मापं आणली. त्याआधी खेळण्यातली गाडी म्हणजे एक सुटी वस्तू होती: घेतली, चावी दिली, चालवली, संपलं. ठरलेली मापं आली आणि खेळ बदलला. यंदा घेतलेल्या रुळाला पुढच्या वर्षीचा रूळ जुळू लागला. वाढदिवसाला एक वळण, दिवाळीला एक सांधा. आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत, मेर्क्लिनने खेळण्याला 'इंटरफेस' दिला. आणि इंटरफेस आला की वस्तू संपत नाही, वाढत जाते. मोडून परत जोडणं हा दोष न राहता खेळाचाच भाग झाला.

पुढचा टप्पा जागेचा. सुरुवातीच्या गाड्या एवढ्या मोठ्या होत्या की अख्खी खोली लागायची. पुढे 'ओ' हे लहान माप रुळलं, आणि १९३५च्या सुमारास त्याच्याही निम्म्या आकाराच्या विजेवरच्या गाड्या बाजारात आल्या. आज जगात सगळ्यात जास्त चालणारं 'एचओ' हे माप म्हणजे 'हाफ ओ'. प्रमाण १ ला ८७, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. मॉडेल रेल्वे जमिनीवरून टेबलावर आली ती इथे.

आता जरा आपल्याकडचं गणित करू, मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. आपल्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी साधारण २१.३ मीटर. भागिले ८७, म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटर. २४ डब्यांची एक्स्प्रेस मापात करायची तर जवळजवळ ६ मीटरची गाडी! मोशीतल्या किंवा वाकडमधल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये इंजिन बाल्कनीत आणि शेवटचा डबा जिन्यात. म्हणून घरचा लेआउट म्हणजे तडजोड: पाच-सहा डब्यांची डेक्कन क्वीन करायची आणि डोळ्यांना पटवायचं की हीच ती.

अजून एक अडचण खास आपली. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एचओ प्रमाणात ती सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी. पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलाय. म्हणजे बाजारातल्या रुळावर चालणारं प्रत्येक भारतीय मॉडेल जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभं असतं. काही जण ते सोडून देतात, काही जण स्वतः रूळ ठोकतात. दोघांच्याही घरात रात्री एक वाजता सोल्डरिंगचा वास येतोच.

आणि चढ? कर्जतहून खंडाळ्याला चढणाऱ्या बोरघाटात चढण सदतीसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. हाच हिशोब टेबलावर लावा. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साधारण ८ सेंटिमीटर उंची लागते. ८ गुणिले ३७, म्हणजे जवळपास ३ मीटर नुसता चढ. जागा संपली! १८६३ मध्ये बोरघाट सुरू झाला तेव्हा इंजिनिअरांची अडचण हीच होती: डोंगर अवघड आणि लांबी पुरत नाही. त्यांनी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, दिशा बदलायची आणि उलटी निघून पुढचा चढ घ्यायची. पुढे १९२९ साली नवा मार्ग काढून ते स्टेशन बंद केलं. म्हणजे आपल्या दारातली खरी रेल्वेसुद्धा मोडून पुन्हा बांधलेला लेआउटच आहे. वीजही तशीच: आधी १५०० व्होल्ट डीसी, आता २५ केव्ही एसी. डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय, पण २०२२ मध्ये तिला नवे एलएचबी डबे लागले. खरी गाडी बदलली की मॉडेलवालाही कामाला लागला.

या सगळ्याचं पुण्यातलं जितंजागतं उदाहरण म्हणजे कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय. कर्वे रस्त्याच्या आत, संगम प्रेसच्या रस्त्यावर. बी. एस. जोशी, सगळ्यांचे भाऊ. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स हा त्यांचा उद्योग, आणि रेल्वे हा लहानपणापासूनचा ध्यास. आधी त्यांनी मॉडेल रेल्वेची प्रदर्शनं भरवली. प्रदर्शन म्हणजे काय, तर मांडा, दाखवा, उकला, पेटीत भरा. शेवटी १ एप्रिल १९९८ रोजी कायमचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. एक अख्खं छोटं शहर, त्यात वाफेचं इंजिन, बुलेट ट्रेन, डोंगर चढणारी दातेरी चाकांची गाडी, अधांतरी लटकून धावणारी गाडी. दिवे मंद होतात, शहरात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. शाळेच्या सहलीत ते पाहिलेले कितीतरी जण आज हिंजवडीत कोड लिहितायत.

मला त्यातली महत्त्वाची गोष्ट रोषणाईच्या पलीकडची वाटते. भाऊ आज नाहीत. तरी गाड्या धावतात, कारण घरच्या पुढच्या पिढीने ते काम हातात घेतलं. जगभरात घरगुती लेआउटचं साधारण काय होतं माहितीये? बांधणारा गेला की वर्षभरात पाटी माळ्यावर आणि मग भंगारात. कारण कुठली वायर कुठे जाते हे फक्त त्याच्या डोक्यात होतं. आपण ऑफिसात ज्याला 'लेगसी कोड' म्हणून शिव्या घालतो, तेच.

आणि कोडचा विषय निघालाच आहे तर ऐका. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ च्या सुमारास 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' सुरू झाला. तिथे दोन प्रकारची पोरं होती. एका गटाला डबे रंगवण्यात आणि डोंगर करण्यात रस. दुसऱ्या गटाचा जीव टेबलाखाली: टेलिफोनच्या रिले, स्विच, वायरिंगचं जंजाळ. हा सिग्नल आणि पॉवरवाला गट सतत सिस्टिम उसवून नव्याने बांधायचा. हुशारीने केलेल्या जोडणीला ते 'हॅक' म्हणायचे. पुढे कॅम्पसमध्ये कॉम्प्युटर आले आणि हीच पोरं तिकडे वळली. १९६२ मधला 'स्पेसवॉर' हा सुरुवातीचा गाजलेला कॉम्प्युटर गेम याच मंडळींच्या हातचा. आज आपण बिनधास्त 'हॅकेथॉन' म्हणतो, त्या शब्दाचं एक मूळ रेल्वेच्या टेबलाखाली आहे.

टेबलाखालचं जंजाळ कमी केलं ते डीसीसीने. पूर्वी रुळातला व्होल्टेज बदलून वेग ठरायचा. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही पळायची. मग रुळाचे तुकडे करा, प्रत्येकाला वेगळा स्विच, वेगळी वायर. नव्वदच्या दशकात डीसीसीचं प्रमाणित रूप आलं: रुळातून वीज आणि डिजिटल आदेश एकत्र जातात, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता, ज्याचं नाव घेतलं तेच हलतं. चाकणला काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. गाडीत प्रत्येक दिव्याला वेगळी वायर ओढण्याऐवजी कॅन बस आली, तोच विचार. इतकंच काय, लेआउटसाठीच्या एलसीसी या नव्या पद्धतीत चक्क कॅन बसच वापरतात.

डीसीसीसाठी जेएमआरआय नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्यावरून अमेरिकेत खटला झाला. रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ, या प्रकल्पाचे एक कर्तेधर्ते. एका व्यावसायिक कंपनीने प्रकल्पातल्या फायली श्रेय न देता वापरल्याची तक्रार त्यांनी कोर्टात नेली. २००८ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. म्हणजे फुकट दिलंय याचा अर्थ अटी नाहीत असा होत नाही. आज जगभरची कंपन्यांची लीगल टीम ज्या निकालाचा दाखला देते, तो खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून लागलाय!

आता आपल्या गावाकडे येऊ. पिंपरी-चिंचवडमध्ये आपण बहुतेक जण भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, मग भाडं वाढतं किंवा मालकाचा मुलगा लग्न करतो आणि आपण टेम्पो शोधतो. 'स्वतःचं घर झालं की करू' या वाक्यात कितीतरी छंद मेलेत. यावर जगाने उत्तर शोधलंय: मॉड्यूल. लेआउट एकसंध न करता सुट्या पाट्या करायच्या, कडेला रूळ ठरलेल्या जागी यायला हवेत एवढाच नियम. सत्तरच्या दशकात अमेरिकेत एन मापासाठी 'एनट्रॅक' पद्धत सुरू झाली, आणि छोट्या घरांच्या जपानमधून 'टी-ट्रॅक' आलं, जिथे एक मॉड्यूल जेवणाच्या टेबलावर मावतं. एन मापाचा रूळ तर फक्त ९ मिलिमीटरचा. दहा जणांनी आपापल्या घरी एकेक पाटी करायची आणि रविवारी हॉलमध्ये जोडून लांब गाडी चालवायची. हॉलच्या भाड्याची वर्गणी काढली की झालं.

आणि यासाठी आपल्याइतकं योग्य ठिकाण कुठलं? पाट्या अचूक जुळायला डॉवेल पिन लागते. भोसरीच्या कुठल्याही टूलरूममध्ये डॉवेल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एमडीएफ लेझरवर कापून मिळतं, थ्रीडी प्रिंट गल्लीबोळात होते, रिले आणि वायरी तपकीर गल्लीत. जिग-फिक्श्चरवर जगणाऱ्या या पट्ट्यात स्वतःच्या हाताने बनवलेली आकुर्डी, देहूरोड आणि तळेगावची स्टेशनं एका रांगेत लागू शकतात. सामान आहे, हात आहेत. कमी पडतो तो वेळ, आणि 'यातून मिळतं काय?' या प्रश्नाला उत्तर द्यायची हिंमत.

माझ्यापुरतं उत्तर असं. नोकरीत आपण जे बांधतो त्याचा छोटा तुकडाच आपल्याला दिसतो. लेआउटमध्ये लाकूड, वीज, कोड, इतिहास, भूगोल सगळं एका पाटीवर येतं, आणि बिघडलं तर कुठे बिघडलं ते आपल्यालाच शोधावं लागतं.

म्हणून सुरू करणाऱ्यांना एकच विनंती. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठला पत्ता कुठल्या इंजिनाचा, कुठला सांधा अडतो. ती वही मराठीत लिहा, घरातल्या कुणालाही वाचता येईल अशी. गाड्या बदलतील, रूळ उकलतील, घर बदलेल. वही असेल तर आपल्यानंतर कुणीतरी ती पाटी माळ्यावरून खाली काढेल आणि प्लग लावेल.

तुमच्या सोसायटीत कुणी अशी रेल्वे केली असेल तर त्यांना हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या वेळी, तोवर सिग्नल हिरवा!