रक्ताची तपासणी आणि कुळाची चौकशी

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंध सुटला, पण त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला थॅलेसेमियाचा दोष रक्तातून बरोबर आला. हा दोष एकाच जनुकातला. सिंधी कुटुंबांत वारंवार आढळणारा त्याचा एक प्रकार म्हणजे त्या जनुकातून गळालेला ६१९ अक्षरांचा तुकडा. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक वेळी मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के. विवाहापूर्वी रक्त तपासावे, हे येथे निखळ शहाणपण होय.

मात्र उल्हासनगर असो, अंबरनाथ असो वा बदलापूर, स्थळ पाहताना आणखी एक चौकशी दबक्या आवाजात होते : घराण्यात कोणी वेडे होते काय? तिच्यामागील तर्क थॅलेसेमियाचाच आहे. तो येथे लागू पडत नाही, असे आम्हांस वाटते.

ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द दिला. मराठीने त्यास छिन्नमनस्कता म्हटले. अर्न्स्ट र्‍युडिन यांनी १९१६ मध्ये रुग्णांच्या भावंडांचा हिशेब मांडला, तेव्हा मेंडेलचे साधे गुणोत्तर जुळले नाही. तरीही १९३३ च्या जर्मन निर्बीजीकरण कायद्यात हा आजार आला, आणि त्या कायद्याच्या अधिकृत भाष्याचे एक लेखक हेच र्‍युडिन! आपल्या हिंदू विवाह कायद्यातही १९७६ च्या दुरुस्तीने 'विवाहास व संततीस अयोग्य' ठरविणाऱ्या मनोविकाराची अट घातली. आजाराचे केवळ नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले. स्थळे पाहणाऱ्यांपर्यंत तो निकाल पोहोचलेला दिसत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२२ च्या जागतिक अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी निगडित आढळली आणि त्यांतील बहुतेकांचा परिणाम अगदी किंचित. एकसारख्या जुळ्यांपैकी एकास आजार झाला, तरी दुसरा निम्म्याहून अधिक वेळा सुटतो. आई किंवा वडील रुग्ण असले, तरी शंभरांतील सुमारे नव्वद मुलांना तो होत नाही; उलट बहुसंख्य रुग्णांचे आईवडील निरोगी असतात. वधूवरांची निवड करून देणारी रक्ततपासणी यातून निघत नाही.

चौकशीत सापडते ते आजार न लपविणारे घर. म्हणून घरे लपवितात. भावाच्या आजारामुळे बहिणीचे लग्न अडेल या धास्तीने उपचार लांबतात. सासरी दिसू नयेत म्हणून मुलीच्या गोळ्या लग्नाआधीच बंद होतात, आजार उलटतो, आणि त्याचे खापर पुन्हा माहेरच्या कुळावर फुटते.