राडारोडा, खडी आणि चाळणी

लहानपणी आमच्या गावाकडच्या रस्त्याला दर वर्षी खडीचे ढीग पडायचे. वडार समाजाच्या बायका गोणपाटाच्या सावलीला बसून दिवसभर दगड फोडायच्या. संध्याकाळी मुकादम यायचा, ढिगावर टेप धरायचा आणि ब्रासचा हिशेब वहीत लिहायचा. ढीग किती हे तो मोजायचा, दगड कसा आहे हे मात्र कोणी विचारताना मी पाहिले नाही.

रस्त्यांचा इतिहास आपण राजांच्या नावाने शिकतो. शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्ते, सराया, विहिरी आणि झाडे यांची जी व्यवस्था लावली, ती शाळेच्या पुस्तकात असते, आणि असायलाच हवी. पण ज्या दगडावर रस्ता उभा राहतो, त्या दगडाचाही इतिहास आहे.

आधुनिक खडीच्या रस्त्याचा जनक म्हणून जॉन मॅकॲडम या स्कॉटिश माणसाचे नाव घेतले जाते. १८१६ मध्ये तो इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. तेव्हा रस्त्यावर हाताला येतील ते लहानमोठे दगडगोटे टाकत. गोल गोटे चाकाखाली सरकत आणि मोठे दगड वर येत. मॅकॲडमने सांगितले, दगड फोडलेला आणि कोनदार हवा, म्हणजे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको. आणि खालची जमीन कोरडी राहिली पाहिजे, कारण भार शेवटी तीच पेलते.

त्याचा दुसरा नियम फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. जुना रस्ता दुरुस्त करताना आधी तो उकरा, त्यातलेच दगड पुन्हा फोडा, स्वच्छ करून पसरा. स्वच्छ दगडाचा थर दहा इंच भरत नसेल, तरच नवा दगड आणा. आज आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो, तो खडीच्या रस्त्याच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे.

त्याच ब्रिस्टलवर १९४०-४१ मध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. घरे पडली, चर्च पडली. अमेरिकेहून माल घेऊन आलेली जहाजे रिकामी परत जाऊ शकत नव्हती, तोल सांभाळायला तळाशी वजन लागे. म्हणून पडलेल्या घरांचा राडारोडा त्यांच्यात भरला गेला. न्यूयॉर्कला तो उतरवून ईस्ट नदीच्या काठी भराव घातला आणि त्यावरून शहराचा मोठा रस्ता गेला. त्या जागेला ब्रिस्टल बेसिन म्हणतात. १९४२ मध्ये तिथे एक फलक लावण्यात आला. हे दगड म्हणजे एकेकाळी माणसांची घरे होती, याची तो आठवण देतो.

असा फलक सगळ्यांच्या नशिबी नसतो. गाझामध्ये २००८-०९ च्या युद्धानंतर सुमारे सहा लाख टन राडारोडा उरला, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज होता. सिमेंट आणि खडी बाहेरून येण्यावर निर्बंध होते. तेव्हा तरुण पोरे गाढवगाड्या घेऊन पडक्या भिंतींचे तुकडे गोळा करत. ते तुकडे क्रशरमध्ये दळून त्यांची खडी होई आणि ती रस्त्यांना व विटांना वापरली जाई. पुनर्वापर ही तिथे पर्यावरणाची हौस नव्हती, दुसरा दगडच नव्हता.

आपल्या देशातही दगड सगळीकडे सारखा नाही. गंगेच्या मैदानात खडक दुर्मीळ, म्हणून ग्रँड ट्रंक रोड पक्का करताना कंकर वापरला गेला. बंगालात जास्त भाजलेल्या झामा विटा फोडून त्यांची खडी करत. दख्खनला मात्र काळ्या पाषाणाची देणगी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक कठीण असतो आणि डांबर त्याला चांगले धरते. १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रस्ता याच खडकातून गेला. पण त्याच काळ्या पाषाणाचा वरचा, हवापाण्याने कुजलेला थर म्हणजे मुरूम. खाणीतून कोणता थर निघाला, यावर रस्त्याचे आयुष्य ठरते, आणि फरक नुसत्या नजरेने नेहमी कळत नाही.

म्हणून परीक्षा आली. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली दगड झिजतो, तो किती झिजेल हे आधी कळावे यासाठी १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये देवाल चाचणी निघाली. तिरक्या बसवलेल्या पिंपात दगड घालून ते दहा हजार वेळा फिरवत. पुढे मोटारी वाढल्या आणि १९२० च्या दशकात लॉस एंजेलिस शहराच्या प्रयोगशाळेत पिंपात पोलादी गोळेही घातले गेले. हीच चाचणी आज आपल्याकडे आहे. बारीक खडी असेल तर पाच किलो नमुना पिंपात घालून ५०० फेरे फिरवतात आणि १.७ मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. रस्त्याच्या वरच्या थरासाठी ३० टक्क्यांहून जास्त चुरा झाला, तर ती खडी नापास.

भारतात रस्त्यांचा एकत्रित विचार १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने सुरू केला. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, १९५२ मध्ये दिल्लीला रस्ते संशोधन संस्था आली आणि १९६३ मध्ये खडीच्या चाचण्यांचे भारतीय मानक तयार झाले. २०१६ च्या सुधारित मानकाने काँक्रीटच्या राडारोड्यापासून केलेल्या खडीलाही मर्यादित प्रमाणात दार उघडले. लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये ती जाड खडीच्या २० टक्क्यांपर्यंतच चालते, तेही ठरावीक ताकदीपर्यंत. कारण जुन्या खडीला सिमेंटचा लेप चिकटलेला असतो आणि ती पाणी जास्त पिते.

म्हणजे ज्ञान आहे, नियम आहे, यंत्र आहे. मग पहिल्या पावसात खडी उखडते कशी? आमच्याकडच्या एका रस्त्याचे असेच झाले. शेजारचे एक चाचा उभी हयात रस्त्यांच्या कामावर मिस्त्री होते. त्यांना विचारले, तर शांतपणे म्हणाले, "बेटा, नमुना एका ढिगाचा गेला, रस्ता दुसऱ्या ढिगाचा झाला."

डोंगर एकदा फोडला की परत उगवत नाही. म्हणून राडारोड्याची खडी वापरावीच लागेल, आणि वापरावीही. पण नव्या दगडाच्या बाबतीत जे खोटे चालून गेले, ते पुनर्वापराच्या खडीत अजिबात खपणार नाही, कारण तिच्यात वीट, माती, लाकूड असे काहीही मिसळलेले असू शकते. चाळणीला ठेकेदार ओळखू येत नाही, पुढारीही नाही. तिच्यात नमुना कोणत्या ढिगाचा टाकायचा, हे मात्र माणूस ठरवतो. त्या रस्त्यावरून रात्री मोटारसायकलवर घरी परतणाऱ्याचा जीव त्या एका निर्णयावर असतो.