हिमालयातल्या हिवाळ्यासाठी गाडी कशी तयार करावी?

महाराष्ट्रात हिवाळ्यासाठी गाडीची वेगळी तयारी करावी लागत नाही. मात्र डिसेंबर-जानेवारीत हिच गाडी मनाली, स्पिती किंवा लडाखला न्यायची असेल, तर गोष्ट बदलते. मनालीत रात्री पारा शून्याखाली जातो, तर स्पितीतल्या काझा येथे तो उणे २० अंशांखालीही उतरू शकतो. एरवी कधी जाणवत नाहीत असे गाडीतले दोष अशा थंडीत एका रात्रीत उघडे पडतात. त्यामुळे बरीचशी तयारी घरून निघण्यापूर्वीच करावी लागते.

कूलंट

आपल्याकडे कूलंट कमी झाले की अनेक जण रेडिएटरमध्ये नळाचे पाणी टाकतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्या दाबाने रेडिएटर फुटू शकतो, इंजिनच्या ब्लॉकलाही तडा जाऊ शकतो. इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध केलेले पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मात्र साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसते ग्लायकॉल भरणे हा उपाय नव्हे, कारण ते उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. गॅरेजमध्ये हायड्रोमीटरने मिश्रणाचे प्रमाण तपासून घ्यावे.

बॅटरी आणि इंजिन ऑइल

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांच्या सुमारास तिची ताकद जवळपास निम्मी होते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षे जुन्या बॅटरीची लोड टेस्ट करून घ्यावी आणि टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करावा. ऑइलच्या ग्रेडमध्ये ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत पातळ राहते. गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल, तर ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू ग्रेड निवडावा.

डिझेल

डिझेलमध्ये मेण असते. कडाक्याच्या थंडीत त्याचे कण तयार होऊन फिल्टर तुंबतो आणि गाडी बंद पडते. मैदानी भागात भरलेले डिझेल डोंगरात दगा देते ते यामुळेच. शक्यतो टाकी कमी ठेवून वर जावे आणि तिथल्या पंपावर भरावी. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती आजच्या इंजिनांच्या पंपाला आणि इंजेक्टरला घातक ठरते. पेट्रोल गाड्यांना ही अडचण येत नाही.

टायर आणि साखळ्या

तापमान ५-६ अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. उंचीमुळे हा फरक थोडा भरून निघतो, म्हणून अंदाजावर न राहता मुक्कामी पोहोचल्यावर सकाळी थंड टायरची हवा मोजावी. बर्फावर झिजलेले टायर उपयोगाचे नाहीत. बर्फ पडल्यावर सोलंग आणि अटल बोगद्याच्या बाजूला अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. साखळ्या इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांना लावतात. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळ्या लावून बघण्याचा सराव घरीच करावा. गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावायला जाणे फार अवघड असते.

रात्री गाडी लावताना

ओला हँडब्रेक गोठून अडकू शकतो. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’मध्ये) ठेवून चाकांना दगड लावावेत. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारे द्रव हवे. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. आतून धुके धरल्यास हीटरसोबत एसी लावावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी.

बर्फात अडकल्यास

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी प्रचंड हिमवृष्टीत गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक पर्यटक दगावले. काही मृत्यूंमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचे सांगण्यात आले. सायलेन्सरच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले, तर धूर गाडीखाली साचून आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही.

म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी नळीभोवतीचा बर्फ काढावा. हीटर तासातून दहा मिनिटेच चालवावा, एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि एकाने तरी जागे राहावे. गाडीत लहान फावडे, ब्लँकेट, टॉर्च, जंपर केबल, पाणी आणि सुका खाऊ असावा. यातली बहुतेक साधने फारशी महाग नाहीत, पण मदत पोहोचायला रात्र लागली तर ती रात्र निभावते ती त्यांच्याच भरवशावर.