साउथॉलकडची आत्या

आत्या विलायतेहून आली की दुपारची जेवणं उरकल्यावर माजघरात फतकल घालून बसायची. समोर सुपात भाजलेल्या शेंगा, शेजारी गुळाचा खडा. शेंगा फोडता फोडता ती जे सांगायची, त्यात राणीचा राजवाडा कधी आला नाही. यायचं ते साउथॉल. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळचं, पंजाबी माणसांनी भरलेलं. मामा (आमच्या कराडकडं आत्याचे यजमान म्हणजे मामाच) तिथं एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचे. कारखाना रबराचा होता की बिस्किटांचा, यावर घरात अजून एकमत नाही.

ज्वारी मिळायची नाही. मग गुजराती दुकानातून बाजरीचं पीठ आणायचं. भाकरी थापल्याचा आवाज खालच्या मजल्यावरच्या गोऱ्या म्हातारीला जाऊ नये म्हणून आत्या परातीखाली जुना टॉवेल घडी करून घालायची. "आपल्याच घरात चोरावानी भाकरी करायची बघ," ती म्हणायची. मला लहानपणी त्या टॉवेलची गंमत वाटायची. त्यामागची भीती फार उशिरा कळली.

रविवारी मात्र चैन असायची. डोमिनियन थिएटरात हिंदी पिक्चर. ते थिएटर तिथल्या भारतीय कामगार संघटनेनं घेतलेलं होतं. ही संघटना १९५० च्या दशकातली. तिची मंडळी नवख्यांचे फॉर्म भरून द्यायची, पासपोर्टचं बघायची, पगाराच्या तक्रारी मांडायची. मामांना इंग्रजी बरं यायचं, म्हणून त्यांनाही अर्ज लिहायला बसवत. पंजाब्यांच्या संघटनेत एक कराडकर अर्ज लिहितो आहे, याचा आत्याला मोठा अभिमान.

त्याच डोमिनियनजवळ ४ जून १९७६ ला गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा गोऱ्या पोरांनी भोसकून खून केला. आत्या हे सांगताना शेंगा बाजूला सारायची. वडीलधारी मंडळी बैठका घेत राहिली, ठराव करत राहिली. पोरांना ते सोसलं नाही. त्यांनी आपली साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी केली. आत्याचं मन पोरांकडं, मामांचं थोरांकडं. त्यावरून घरात चांगलीच धुसफूस झाली म्हणे. मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. अर्ज लिहिणारा हवा, तसा रस्त्यावर उभा राहणाराही हवा.

पुढं २३ एप्रिल १९७९. वर्णद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटनं साउथॉलच्याच टाउन हॉलमध्ये सभा ठेवली. दुपारपासून दुकानं बंद. हजारो लोक निषेधाला उतरले आणि त्यांच्यासमोर अडीच हजारांवर पोलीस. ब्लेअर पीच नावाचा न्यूझीलंडचा एक शिक्षक निदर्शनाला आला होता. त्याच्या डोक्यात घाव बसला. जवळच्याच एका पंजाबी कुटुंबानं त्याला घरात घेतलं, बसवलं, पाणी दिलं. त्याला पेला हातात धरता येईना. त्याच रात्री तो गेला. वय ३३. घाव पोलिसाकडूनच बसला असावा, असा पोलिसांच्याच आतल्या चौकशीचा निष्कर्ष होता; तो अहवाल लोकांसमोर यायला २०१० उजाडलं.

जूनमध्ये त्याला अखेरचा निरोप द्यायला त्याचं शव डोमिनियनमध्ये ठेवलं. सुमारे ८,००० माणसं रांगेनं येऊन गेली. आत्या रांगेत होती. "जिथं पिक्चर बघून रडायचो, तिथंच," एवढंच ती बोलायची.

पण तिच्या सांगण्यातला मला सगळ्यात मोलाचा भाग त्यानंतरचा. सभा संपली, वर्तमानपत्रं दुसऱ्या बातमीकडं वळली आणि त्या दिवशी पकडलेल्या ३४० हून अधिक लोकांवर खटले राहिले. तेही साउथॉलमध्ये नव्हे, लंडनच्या पार उत्तरेला, बार्नेटच्या कोर्टात. कामावर दांडी मारायची, दोनतीन गाड्या बदलायच्या आणि तिथं भाषा कळायची नाही. मग मामा रात्रपाळी करून सकाळी कुणाची तरी व्हॅन घेऊन माणसं पोचवायचे. व्हॅन कुणाची, हेही आता कुणाला आठवत नाही. आत्या पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं बांधून द्यायची. सरदारजींना पुऱ्या फार आवडायच्या, लोणच्याला मात्र ते नाकं मुरडायचे. दंडासाठी, वकिलांसाठी लोकांनी पदरमोड करून पैसे जमवले. कोर्टाच्या बाकावर आईबापांशेजारी नुसतं बसून राहणं, हेही कुणीतरी करत होतं.

१९८१ मध्ये तिथं साउथॉल मॉनिटरिंग ग्रुप उभा राहिला. आत्या त्याला 'फोनवाली मंडळी' म्हणते. ज्याच्या घरावर दगड आला, ज्याच्या दाराच्या टपालफटीतून पेटतं फडकं आत टाकलं, त्यानं फोन करायचा. कामाची रीत त्या भागातल्या साऱ्याच बायामाणसांच्या अंगवळणी पडली होती. आधी माणूस धड आहे का, पोरं कुठं आहेत, हे विचारायचं. मग तारीख, वेळ, नेमकी शिवी कोणती दिली, तेही जसंच्या तसं लिहायचं. फुटलेल्या काचा झाडण्याआधी फोटो. पोलिसांकडून तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा, आणि चौकीत एकट्याला पाठवायचं नाही. घर बदलायचं की तिथंच राहायचं, हे त्या कुटुंबानं ठरवायचं. मदतीला आलेल्यांनी नाही. आत्याच्या वहीत अशा नोंदी मोडीसारख्या गिचमिड अक्षरात होत्या. मी ती वही पाहिली आहे. एका पानावर खिडकी बसवल्याचा खर्च आणि खाली मेथीचा भाव.

असल्या वह्या वाया गेल्या नाहीत. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या पोरांनी खून केला, तेव्हा त्याच्या आईवडिलांच्या लढ्यात हीच फोनवाली मंडळी होती. त्या खुनाच्या चौकशीवरच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं सांगितलं, की सोसणाऱ्याला किंवा दुसऱ्या कुणालाही हल्ला वर्णद्वेषी वाटला, तर पोलिसांनी तो तसाच नोंदवायचा. 'तुझा गैरसमज झाला असेल' म्हणून वाटेला लावायचं नाही. हे वाचलं तेव्हा आत्याला किती बरं वाटलं असेल!

जुलै २०२४ च्या अखेरीस इंग्लंडात पुन्हा पेटलं. साउथपोर्टमध्ये लहान मुलींचे खून झाले, खुनी मुसलमान असल्याच्या खोट्या वार्ता पसरल्या आणि जमावानं तिथल्या मशिदीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी गावातली माणसं विटा-सिमेंट घेऊन पडलेली भिंत बांधायला आली. लिव्हरपूलमध्ये इमाम ॲडम केलविक मशिदीसमोर जमलेल्या निदर्शकांना खायला घेऊन सामोरे गेले. आत्याला हे फार भावलं. "खाल्ल्यावर मानूस जरा थंड व्हतो," ती फोनवर म्हणाली.

माझी भाची इंग्लंडातल्याच एका हॉस्पिटलात नर्स. मराठी मंडळींच्या ग्रुपवर 'एकट्यानं बाहेर पडू नका' असे निरोप फिरत होते. आत्यानं तिला फैलावर घेतलं. "मग ड्यूटीला कोन सोडनार? रात्री दोनला फोन कोन उचलनार? त्येवढं लिवा." पोरींनी खरंच तक्ता केला: गाडी कुणाची, रात्र कुणाची, मल्याळी नि फिलिपिनो नर्सांसह. पंधरवड्यात सगळं निवळलं तसं काहींनी तो बंद करायचं काढलं. आत्या म्हणाली, "आताच न्हाई. कोर्टाच्या तारखा मागनं पडत्यात." भाचीनं पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या बघून नवा तक्ता टाकला.