तळटीप २१ : वाडा हमरापूरचा, महाल होळकरांचा

२१. 'होळकरांसारखा फ्रान्सात महाल घेतोयस का?' : रोख इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांकडे. १९२६ मध्ये गादी सोडल्यावर त्यांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. पॅरिसच्या पश्चिमेस सँ-जेर्मँ-आँ-ले येथील एनमाँ महाल त्यांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे नाटो अधिकाऱ्यांच्या मुलांची शाळा निघाली. आज ती आंतरराष्ट्रीय शाळा आहे.

गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हमरापूरला (ता. पेण) मात्र वाडा घेणे पैशापेक्षा कागदांवर अडते. गावठाणातले घर कोणीही घेऊ शकतो. पण मागची वाडी सातबाऱ्यावर शेतजमीन असेल, तर कुळकायद्याच्या (१९४८) कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती घेता येत नाही. म्हणजे माजघर मिळते, विहीर आणि आंबे विकणाऱ्याकडेच राहतात. दुसरी अडचण वारसांची. मुंबईला गेलेले भाऊबंद, सासरी गेलेल्या बहिणी, सगळ्यांच्या सह्या लागतात. सही न करणाऱ्याचा हिस्सा विकला जात नाही. एकट्या भावाचा हिस्सा घेऊन आत शिरू म्हणावे, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे (१८८२) कलम ४४ आडवे येते: अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्रयस्थ खरेदीदाराला सामायिक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या कायद्याने घरचेच त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात. काकांनी इसार देण्याआधी 'बहिणी किती?' असे विचारले, ते यासाठी. – संपा.