वलगाव ते बटुमी : बुद्धिबळातील दोन अंतरे

१/ अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी येथील पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच १९५६ साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे ‘मॅनियाक’ संगणकाने बुद्धिबळाचा एक डाव जिंकला.

२/ पट ६×६ घरांचा होता, उंट वगळले होते आणि प्रतिस्पर्धी नवशिका होता. तरीही बुद्धिबळासारख्या खेळात यंत्राने माणसावर मिळवलेला हा पहिला विजय मानला जातो. असे यंत्र तेव्हा वऱ्हाडच्या कल्पनेतही नव्हते.

३/ ११ मे १९९७ रोजी ‘डीप ब्लू’ने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला न्यू यॉर्कमध्ये ३½–२½ असे नमवले. त्याच वर्षी मुंबईचे प्रवीण ठिपसे महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले.

४/ चाल कोठे चुकली, हे सांगायला पूर्वी जाणकार गुरू लागे आणि तो बहुधा महानगरात असे. २००८ साली ‘स्टॉकफिश’ हे बलाढ्य इंजिन विनामूल्य उपलब्ध झाले. पुढे असे विश्लेषण मोबाइलवरही होऊ लागले. ज्ञानाचे अंतर मिटत गेले.

५/ २०१५ मध्ये अमरावतीचे स्वप्नील धोपाडे, तर २०१९ मध्ये नागपूरचा १३ वर्षांचा रौनक साधवानी ग्रँडमास्टर झाला. याचे श्रेय एकट्या यंत्राला देणे मात्र अन्यायाचे ठरेल.

६/ कारण या किताबासाठी २५०० मानांकन आणि सर्वसाधारणपणे तीन नॉर्म लागतात. नॉर्मच्या स्पर्धेत किमान तीन ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडू समोर बसावे लागतात. इंजिन चूक दाखवते. नॉर्म देत नाही.

७/ नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बटुमी येथे महिला विश्वचषकाला गेली, तेव्हा तिच्या नावावर एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीतील दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांत कोनेरू हम्पीला नमवून ती विजेती झाली. या विजेतेपदाबरोबर किताब थेट मिळतो. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली.

८/ वलगावच्या मुलीला आज विश्वविजेत्याहून बलाढ्य प्रतिस्पर्धी घरबसल्या मिळतो. परंतु ग्रँडमास्टरसमोरच्या खुर्चीपर्यंतचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि निवास यांचा भार बहुधा घरच्यांनाच उचलावा लागतो. पहिले अंतर यंत्राने मिटवले. दुसरे मिटवण्याचे काम समाजाकडे आहे.